शाळेत गेलेली बरणी

“मॅडम, यीस्टला भूक लागते का? आणि लागली, तर ते कोणाला सांगतं?”

शेवटच्या बाकावरून उभं राहून, पहिल्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं. सभागृह खो-खो हसलं. शेजारची मैत्रीण शिडी बाकाखाली वाकून बुटाची नाडी बांधायचं नाटक करू लागली. भिंगानं घाईघाईनं चष्मा काढून पुसायला घेतला. पैज या दोघींनीच लावली होती. भाषणाला आलेल्या संशोधक बाईंना सगळ्यात खुळा प्रश्न विचारून दाखव, आठवडाभर तुझं दप्तर आम्ही वाहू. शिडी म्हणजे वर्गातली सगळ्यात उंच मुलगी, भिंग म्हणजे सगळ्यात जाड काचांची, आणि ही टकळी. तिचं नाव बाबांनी ठेवलेलं. ही बोलायला लागल्यापासून घरात दुसऱ्या कोणाचं काही ऐकूच येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

संशोधक बाई हसल्या नाहीत. त्यांनी हातातला खडू ठेवला आणि बोटं रुमालाला पुसली.

“तू चेष्टेनं विचारलंस,” त्या म्हणाल्या, “पण मी इतकी वर्षं याच प्रश्नाचा पगार घेते आहे. कार्यक्रम संपल्यावर थांब.”

टकळी खाली बसली.

नंतर प्रयोगशाळेत बाईंनी सूक्ष्मदर्शक सरकवून तिच्यापुढे आणला. टकळीला आधी स्वतःच्याच पापण्या दिसल्या, मग धुकं, आणि मग एकदम स्वच्छ, गोल गोल पेशी. काहींच्या कुशीला छोटा गोळा फुटला होता, कडेवर पोर घेतल्यासारखा.

“आमच्या बेकरीत हे किलोच्या हिशेबानं येतं,” ती डोळा न हलवता म्हणाली. “एकेकटं कधी बघितलं नव्हतं.”

“बेकरी आहे तुमची? मग तुला सांगायला सोपं.” बाईंनी स्टूल ओढलं. “या एवढ्याशा पेशीत सहा हजारांच्या आसपास जनुकं असतात. जनुक म्हणजे एक सूचना समज, अमुक वस्तू बनव, तमुक बनव. पण सगळ्या सूचना एका वेळी उघड्या नसतात. समोर तयार साखर असली की पेशी ती खाते. पिठातून जी साखर सुटते ती वेगळी, जोडी-जोडीनं बांधलेली. ती आत घ्यायला आणि फोडायला वेगळी हत्यारं लागतात. तयार साखर मिळतेय तोवर ती हत्यारं बनवायची सूचनाच मिटलेली राहते.”

“आळशी आहे म्हणजे.”

“काटकसरी आहे. नको असलेली हत्यारं कशाला घडवायची? मग तयार साखर संपते. पेशी वाढायची थांबते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, मेली. आत काय चाललेलं असेल?”

टकळीनं तोंड उघडलं, मिटलं, आणि बोलायच्या आधी विचार केला. हे तिच्या बाबतीत क्वचित घडे.

“हत्यारं घडवणं.”

“तो मधला वेळ मी मोजते. कोणाला थोडा लागतो, कोणाला फार. काही पेशी त्यातून बाहेरच पडत नाहीत.”

“का?”

“ते कळलं असतं तर मी आत्ता घरी पाय पसरून बसले असते.”

“आणि त्या मधल्या वेळात कोणी साखर दिली तर?”

“तर घडवणं थांबतं. सूचना पुन्हा मिटते.”

शिडी आणि भिंग दारात तिघींची दप्तरं घेऊन ताटकळत होत्या. टकळी बाहेर आली ती दोघींच्या मधून, त्यांना न बघता. शिडीनं भिंगाकडे पाहिलं.

“ही गप्प आहे,” शिडी म्हणाली. “डॉक्टरकडे न्यायची का?”

बेकरीत गेले काही दिवस सगळ्यांचीच तोंडं उतरलेली होती. समोरच्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघराला रोजचा पाव हवा होता, पण साखरेचा कणही नसलेला. इतकं मोठं काम बेकरीला कधी मिळालं नव्हतं, आणि इतकं अवघडही. कारण बाबांच्या हातचं सगळं गोडसर. पिठात मूठभर साखर टाकल्याशिवाय त्यांना मळायला सुरुवात केल्यासारखंच वाटत नसे. आता साखर बंद केली, तर गोळा थोडासा फुगे आणि मग ठप्प होई. बाबा फडकं उचलून बघत. पुन्हा बघत. शेवटी ‘मेलं’ म्हणून तसाच भट्टीत सारत.

आईनं त्या दिवशीचा पाव ओट्यावर आपटून बघितला.

“दार वाऱ्यानं आपटतं ना, त्याला अडसर म्हणून बरा आहे.”

“यीस्टच वाईट येतंय,” बाबा म्हणाले. “दुकानदार बदलायला हवा.”

“वाईट नाही बाबा,” टकळी पायातले बूट न काढताच म्हणाली, “ते हत्यारं घडवतंय.”

आणि मग तिनं एका दमात सगळं सांगितलं. पिठात मुळातच जी थोडी तयार साखर असते ती संपली की ते थांबतं, तेव्हाच तुम्ही घाबरून भाजता. त्याऐवजी सकाळीच थोडं पीठ, पाणी आणि यीस्ट बरणीत कालवून ठेवू. आंबवण. साखर अजिबात नाही. त्याला थांबायचं तेवढं थांबू दे, शिकू दे. दुपारी तेच मोठ्या गोळ्यात घालू. मग ते वाटेत अडणार नाही.

“तुझ्या मॅडम पाव भाजतात का?”

“नाही. पण त्या यीस्टला विचारतात.”

“आणि सकाळपासून त्या बिचाऱ्याला उपाशी ठेवायचं?”

“उपाशी कुठे? पिठातच बसलंय ते.”

मागच्या दाराशी लंगडं मांजर आलं होतं, त्याच्यापुढे बाबांनी दुधात बुडवलेला पावाचा तुकडा ठेवला. बाबांच्या दारातून माणूस, मांजर, चिमणी, कोणीही रिकाम्या पोटी गेल्याचं गल्लीत कोणाला आठवत नव्हतं. उधारीवाल्यालासुद्धा ते आधी बन देत आणि मग रागावत.

टकळीपुढे त्या आठवड्यात आणखी एक प्रश्न होता, आणि तो पैजेचा नव्हता. दूरच्या शहरातल्या एका वसतिगृहाच्या शाळेत तिला अकरावीची जागा मिळाली होती. परीक्षेला ती स्वतःच्या हट्टानं बसली होती. निकाल लागला तेव्हा गल्लीच्या टोकापर्यंत ओरडत पळाली होती. परत येताना मात्र एकेक घर बघत सावकाश चालत आली होती. हो की नाही ते शनिवारी दुपारपर्यंत फोन करून कळवायचं होतं. नाही म्हटलं तर जागा दुसऱ्याला जाणार.

“तुझं तू ठरव,” बाबा म्हणाले होते. “मी मध्ये पडणार नाही.”

आणि मध्ये न पडता त्यांनी माडीवरची मैद्याच्या पोत्यांची खोली रिकामी करून तिच्यासाठी रंगवली. मग खिडकीला पडदे आले. मग जुनीला गंज चढलाय म्हणून नवी सायकल आली, घंटीसकट. टकळी रोज रात्री जायचं म्हणून झोपे आणि सकाळी काहीतरी नवं बघून हरखून जाई. तोंडानं ‘उद्या ठरवते’ म्हणे. आई भांडी जरा जास्त आवाज करून लावे.

बुधवारी सकाळी तिनं बरणीत आंबवण कालवलं, झाकण सैल ठेवलं, बाबांना चार वेळा बजावलं आणि शाळेत गेली. परत आली तर बरणी फसफसून झाकणाला लागलेली.

“सकाळपासून नुसतं नाचतंय,” आई कौतुकानं म्हणाली.

बाबांनी बाह्या सरसावून मोठा गोळा मळला, आंबवण त्यात घातलं. गोळा थोडा फुगला. मग ठप्प. पुन्हा तोच अडसर भाजून निघाला.

“बघ,” बाबा म्हणाले, पण त्यांचा आवाज जिंकल्यासारखा नव्हता. “तुझ्या मॅडमचं शास्त्र आपल्या यीस्टला कोणी सांगितलेलं दिसत नाही.”

टकळी पावाकडे बघत नव्हती, रिकाम्या बरणीकडे बघत होती.

“आई, हे मध्ये कधी थांबलं होतं का?”

“मी काय त्याच्यापुढे पाट मांडून बसले होते?”

“तरी?”

“नाही गं. जाता-येता बघितलं तेव्हा बुडबुडे होतेच.”

“पण थांबायला हवं होतं. तेच तर चुकलं.”

बाबांना अचानक कोपऱ्यातला ट्रे घासायचा राहिल्याचं आठवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं एकाच भांड्यात आंबवण कालवलं आणि सारख्या दोन बरण्यांत अर्धं-अर्धं ओतलं. जिथवर ते आलं तिथे दोन्हींना रबर लावला. एक बरणी ओट्यावर ठेवली. दुसरी टॉवेलात गुंडाळून दप्तरात घातली, आणि दप्तर, ठरल्याप्रमाणे, शिडीच्या पाठीवर गेलं.

“हे फुटलं तर?” शिडीनं विचारलं.

“तर तुझी पाठ फुगेल. हळू चाल.”

बरणी वर्गाच्या खिडकीत, पडद्याआड, ऊन लागणार नाही अशी बसली. भिंग खिडकीशेजारी बसायची, म्हणून पहारा तिच्याकडे. दर तासाला ती काचेवर पेनानं रेघ मारी आणि बोटांनी खूण करी. पहिल्या तासाला एक बोट वर. दुसऱ्याला आणखी एक. इतिहासाच्या तासाला तिनं तळहात आडवा धरला. पुढच्या तासालाही आडवाच.

मधल्या सुट्टीत तिघी खिडकीला नाक लावून उभ्या राहिल्या. बुडबुडे विरले होते. वरचा थर थोडा खचलाही होता.

“मेलं,” शिडी म्हणाली.

“मेलं नाही.”

“मग ढवळू का?”

“नको.”

“माझ्या डब्यात जॅम आहे. बोटभर घालू? एवढंसंच.”

“शिडे, हात लावशील तर बघ.”

हे बोलताना टकळीचं स्वतःचंच बोट झाकणावर होतं. काहीतरी करावं, निदान बरणी जरा उन्हात सरकवावी, असं तिला इतकं वाटत होतं की तिनं दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले. काही पेशी त्यातून बाहेरच पडत नाहीत, बाई म्हणाल्या होत्या. ही बरणी तसल्याच पेशींची असली तर? ते आधी कसं ओळखायचं? बाईंना विचारायला हवं होतं. पण बाईंनाही ते माहीत नव्हतं. त्या तेच शोधत होत्या. तिला भीती वाटत होती आणि भीतीच्या आत कुठेतरी गुदगुल्याही होत होत्या, आणि हे दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं हे तिला नवीन होतं.

घंटा झाली. भूगोलाच्या सरांनी नकाशा टांगला. तास अर्धा सरला असेल-नसेल, तोच भिंगानं मान न वळवता एक बोट वर केलं. थोड्या वेळानं दुसरं. मग तिला बोटं पुरेनात म्हणून ती सरळ मागे वळली.

“खिडकीत काय आहे?” सरांनी विचारलं.

टकळी उभी राहिली.

“यीस्ट आहे, सर. अभ्यास करतंय.”

सरांनी पडदा बाजूला केला. आंबवण रबराच्या दुप्पट वर चढलं होतं आणि त्याचा एकेक बुडबुडा सावकाश फुटत होता. सर काही वेळ बघत राहिले.

“बाकीच्यांनी आदर्श घ्या,” म्हणाले, आणि पडदा सारून नकाशाकडे गेले.

घरी ओट्यावरची बरणी फेसानं भरून वाहिली होती. आईनं, आदल्या दिवशीच्या चौकशीमुळे, आज लक्ष ठेवलं होतं. क्षणभरही थांबलं नाही, ती म्हणाली. टकळी मैद्याच्या पोत्यावर बसली आणि तिनं दोन्ही बरण्या मांडीवर घेतल्या. पीठ तेच, पाणी तेच, यीस्ट तेच. मग घरात असं काय आहे, जे शाळेत नाही?

मागच्या दाराशी बाबा मांजराला म्हणत होते, “खा गं बाई, कोणी हिसकावत नाही.”

तिनं मान वर करून बाबांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग उठली आणि म्हणाली, “बाबा, आज दोन गोळे मळा. एकात ही, दुसऱ्यात ती.”

बाबांनी मळले. साचे शेजारी-शेजारी ठेवले, फडकी घातली. ते या वेळी एकदाही फडकं उचलायला गेले नाहीत; हात पाठीमागे बांधून उभे राहिले. टकळीनंच उचललं. दोन्ही थोडे वर आले होते. दुसऱ्यांदा उचललं, तेव्हा घरच्या बरणीचा गोळा जिथल्या तिथे होता आणि शाळेतून आलेल्याचा साच्याच्या काठाला टेकत होता. तिसऱ्यांदा बघायची गरजच नव्हती. फडकं आपोआप वर उचललं गेलं होतं.

“बाबा,” ती हळू म्हणाली. तिला हळू बोलता येतं हे घरात कोणाला माहीत नव्हतं. “किती चमचे?”

आईचा ओटा पुसणारा हात थांबला.

“एकच,” बाबा म्हणाले. मग साच्याची कड अंगठ्यानं पुसत म्हणाले, “दर वेळी एकच.”

“दर वेळी म्हणजे?”

“बुडबुडे कमी झाले की. काल पण. बघवेना गं. गप्प पडून राहतं, काही मागत पण नाही. आपल्या दारातलं आहे ते, असं कसं नुसतं बघायचं?”

“अहो, तुम्ही पण ना,” आई हसली, आणि मधेच हसायची थांबली.

टकळीनं गोळे फुगेपर्यंत रागावायची तीन वाक्यं तयार केली होती. तिन्ही फक्कड होती. त्यातलं एकही तिला आता आठवेना.

“पण बाबा, सारखं खायला घातलं तर तुम्हाला कळणार कसं, ते थांबलंय की मेलंय?”

“नाही कळत,” बाबा म्हणाले. “म्हणून तर घालतो.”

भट्टी तापली होती. बाबांनी आधी शाळेतल्या गोळ्याचा साचा आत सरकवला.

तो पाव बाहेर आला तेव्हा त्यांनी तो उलटा करून बुडावर बोटाच्या पेरानं वाजवला. पोकळ, खणखणीत आवाज आला. त्यांनी पुन्हा वाजवला. मग कान जवळ नेऊन तिसऱ्यांदा. पाव कागदात गुंडाळून ते स्वतः रस्ता ओलांडून रुग्णालयात गेले आणि परत आले तेव्हा म्हणाले, “सोमवारपासून मागवतायत,” आणि जणू ही बातमी दुसऱ्या कोणाच्या बेकरीची आहे अशा चेहऱ्यानं ऍप्रन बांधू लागले.

“आता रोज बरणी शाळेत न्यायची का?” आईनं विचारलं.

“नाही,” टकळी म्हणाली. “उद्या घरीच ठेवायची. बाबांजवळ.”

शुक्रवारची हकिकत तिला आईकडून कळली. बाबा बरणीसमोर स्टूल टाकून बसले. बुडबुडे विरले तेव्हा त्यांनी दोन्ही तळहात मांड्यांखाली घातले. गिऱ्हाईक आलं, तर आईला हाक मारली, स्वतः हलले नाहीत. एकदा मात्र उठले, तडक बाहेर पडले, सगळ्या गल्लीला वळसा घालून आले आणि दारातूनच विचारलं, ‘काही?’ आई म्हणाली, ‘नाही.’ पुन्हा तळहात मांड्यांखाली.

“मग?” टकळीनं विचारलं.

“मग आला एक बुडबुडा. एवढासा. मला हाक मारली बघायला. तुझा पहिला दात आला होता तेव्हा अशीच मारली होती.”

टकळी माडीवरच्या आपल्या रंगवलेल्या खोलीत गेली. नव्या पडद्यांतून गल्ली दिसत होती, गल्लीच्या टोकाला नेहमीचं वळण. कपाटातली मोठी बॅग तिनं खाली ओढली, उघडली, आत हात घालून उगाच सगळ्या कप्प्यांच्या चेनी उघडून-लावून बघितल्या. मग बॅग तशीच उघडी ठेवून खाली जेवायला आली.

शनिवारी दुपारी तिघं जेवायला बसली. बाबा बिनसाखरेचा पाव कापत होते, काप एकसारखे पडावेत म्हणून जीभ दातांत धरून.

“तुझ्या खोलीत एक फळी ठोकून घेऊ म्हणतो,” ते कापाकडे बघत म्हणाले. “खिडकीखाली. पुस्तकांना. सुताराला सांगून ठेवलंय.”

आईनं पाण्याचा पेला जरा आवाज करून खाली ठेवला.

“नको बाबा,” टकळी म्हणाली.

सुरी थांबली.

“मी जाणार आहे. फोन मीच करते, आत्ता, हात धुतल्यावर. तुम्ही दोघं बसा इथेच.” तिचा आवाज नेहमीसारखा मोठा निघाला आणि मध्येच एका जागी चिरकला; तिनं तो परत होता तिथे आणला. “आणि एक. पहिला महिना कोणी भेटायला यायचं नाही.”

“महिनाभर?” आई म्हणाली.

“महिनाभर. डबा पाठवायचा नाही. कोणी तिकडे जात असेल तर त्याच्या हाती पिशवी द्यायची नाही. काही कमी पडतंय का असं विचारायचं नाही.” ती बाबांकडे वळली. “मी फोनवर रडले, तरी नाही.”